सोजर आत्याची रीत

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणीही विचारलं तर मी एकच नाव घेईन. सोजर आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी शाळा शिकलो, बीडला कॉलेजला गेलो, घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि आज इंग्लंडमधल्या एका लहानशा शहरात नोकरी करतो, हे सगळं तिच्यामुळे. तिच्याबद्दल कधीतरी लिहायचं हे मनात होतं, पण ती असताना लिहिलं नाही. तिला वाचता येत नव्हतं, आणि कुणाकडून वाचून घेतलं असतं तर म्हणाली असती, "माज्यावर काय लिवतुस, कामधंदा न्हाई का तुला?"

मागच्या महिन्यात सकाळी कामावर पोचून गाडी लावत होतो, तेवढ्यात गावाकडून चुलतभाऊ बंडूचा फोन आला. त्याला आडवळणानं बोलता येत नाही. "सोजर आत्या गेली रं," तो म्हणाला, "पहाटं गेली. आत्ताच उरकून आलोत. तू यीस्तोवर ठिवता येत नव्हतं." मी गाडीचं इंजिन बंद केलं. मग त्यालाच राहवेना. "उशीर झाला जरा. बायांचं जमंना एकमेकीशी." कशावरून जमेना, ते मला गावी पोचल्यावर माझ्या मायनं सांगितलं. ते पुढे येईल.

आमचं गाव दिंद्रुडपासून जवळ, माजलगाव तालुक्यात. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात. माझे वडील, म्हणजे आण्णा, आणि माय दोघंही जायचे. आधी आत्याही त्यांच्याबरोबर जायची. तिचं सासर तेलगावच्या पलीकडे होतं. लग्नाला काही वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एक दिवस पत्र्याच्या पेटीसकट आमच्या दारात आणून सोडलं. दारातूनच परत गेला, पाणीसुद्धा प्यायला नाही. तेव्हापासून ती आमच्याच घरात. मी शाळेत जायच्या वयाचा झालो तसा प्रश्न आला की दरवर्षी पोराला उसाच्या फडावर न्यायचं की काय. आत्या म्हणाली, "मी ऱ्हाते ह्याच्यापाशी. तुमी दोघं जावा." आणि ती राहिली. पुढं मी बीडला जाईपर्यंत दर हिवाळ्यात त्या घरात आम्ही दोघंच असायचो. ती लोकांच्या रानात कापूस वेचायला जायची, संध्याकाळी चुलीपुढं बसून मला मोठ्यानं वाचायला लावायची आणि स्वतः भाकरी थापायची. मी मधेच थांबलो की मान वर न करता म्हणायची, "थांबलास कावून? कळना का?" तिला स्वतःला त्यातलं काहीएक कळत नसे, पण मी अडलो हे मात्र तिला बरोबर कळायचं.

मी चौथी-पाचवीत असताना गावातल्या महादेवाच्या देवळाचं काम पुरं झालं आणि कळस बसवायचा ठरला. आमच्या भागात कळसाची एक रीत आहे. गावच्या जेवढ्या लेकी लग्न होऊन बाहेर गेल्या, त्या सगळ्यांना गाव आमंत्रण धाडतं. नव्या कापडात गुंडाळलेला कळस वेशीपासून देवळापर्यंत त्या लेकी आळीपाळीनं डोक्यावर घेऊन आणतात. जात-भावकी, गरीब-श्रीमंत काही बघत नाहीत. गावची लेक एवढंच पुरतं. त्या दिवशी म्हाताऱ्या लेकीसुद्धा आल्या होत्या, नातवंडांचे हात धरून. कुणी जीपमधून, कुणी एसटीनं, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. गावभर रडणं आणि हसणं एकदमच चाललं होतं. आत्या मांडवाच्या मागं चुलवणापाशी पोळ्या लाटत होती. तिची लहानपणची मैत्रीण कलावती परळीकडून आली होती. ती थेट चुलीपाशी आली आणि आत्याचा पिठाचा हात धरून म्हणाली, "ऊठ गं सोजर, चल येशीकडं." आत्या उठलीही. पदरानं हात पुसले, केस सारखे केले... तेवढ्यात शेजारची एक म्हातारी म्हणाली, "तिला कुठं नेतीस? ती परत आलेली हाय." कलावती म्हणाली, "मग लेक न्हाई का ती गावची?" म्हातारी परत कामाला लागली. पण आण्णा तिथंच पाण्याची टाकी भरत होते, ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "आक्का, तू घरचीच हायस की. तुला काय बोलवायचं?"

आण्णांच्या मनात वाईट काही नव्हतं. आत्यावर त्यांचा जीव होता, ते तिला कधी वावगं बोलले नाहीत. पण ते ऐकून आत्या परत खाली बसली आणि पोळपाट जवळ ओढला. कलावती एकटीच वेशीकडं गेली. वाजतगाजत कळस आला, आमच्या पुढ्यातून गेला. आत्यानं बसल्या जागेवरून हात जोडले. त्या रात्री जेवताना मी तिला विचारलं की तू का नव्हतीस, तर म्हणाली, "पोळ्या कुणी केल्या असत्या मग? तुज्या आज्यानं?" आणि हसली. त्यानंतर हा विषय तिनं माझ्याजवळ कितीतरी वर्षं काढला नाही.

मी इंग्लंडला आलो, अर्चनाशी लग्न झालं, सई झाली. आण्णा गेल्यावर मी मायला आणि आत्याला इकडे बोलावलं. माय विमानाच्या नावानंच घाबरली. आत्या म्हणाली, "मला काय भ्या हाय? म्या फडावर ट्रकात बसून कर्नाटक बगितलंय." दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ती आमच्याकडे सहा महिने राहायला आली.

आमच्या शहरात हिंदू कुटुंबं बरीच आहेत. जुनी मंडळी मुख्यतः गुजराती, आफ्रिकेतून इकडे आलेली. नंतर तेलुगू आले, थोडे मराठी आले. गालिच्यांचं एक जुनं गोदाम विकत घेऊन त्यांनी त्यात देव बसवले होते. आत्यानं पहिल्या दिवशी सगळीकडे बघून घेतलं आणि मला हळूच म्हणाली, "देव गोदामात ऱ्हातो व्हय रं हितं? शिखर न्हाई, कळस न्हाई. बाहीरनं कुणाला कळावं कसं?" गंमत अशी की त्याच वर्षी कमिटीनं गोदामाला खरं शिखर बांधायला घेतलं होतं. कमिटीचे अध्यक्ष जयंतीभाई, सत्तरीच्या पुढचे, सकाळ-संध्याकाळ बांधकामावर उभे असायचे. त्यांची मुलगी हेतल औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती आणि दर रविवारी मंदिरात मुलांना श्लोक, गोष्टी, गाणी शिकवायची. माझी सईही तिच्याकडेच शिकली. आम्ही दोघं कामावर असलो की हेतलच आत्याला गाडीतून मंदिरात न्यायची. हेतल मोडकं हिंदी बोलायची, आत्या आमच्याकडचं दखनी वळणाचं हिंदी. दोघींचं छान चालायचं. "ही पोरगी लई गुणाची हाय, पर गाडी चालवती जणू वाघ मागं लागलाय," आत्या म्हणायची.

जयंतीभाईंना एकच घोर होता. मंदिर उभं राहील, पण पुढं येणार कोण? इथं वाढलेली मुलं शिकून मोठ्या शहरांत गेली, दिवाळीला तास-दोन तास तोंड दाखवून जातात. एकदा चहाच्या वेळी ते हेच बोलत बसले होते. आत्या ऐकत होती. मला म्हणाली, "त्येंला सांग, लेकी बोलवा. ल्योक बोलवलं तर सुनंला इचारत बसतंय. लेक बोलवली की जावाय गपगुमान येतो आन् नातवंडं तर येत्यातच." आणि मग तिनं कळसाची सगळी रीत सांगितली. मी हिंदीतून सांगत गेलो. जयंतीभाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आत्याच्या पायांना हात लावला. "बा, आपने तो रास्ता दिखा दिया," ते म्हणाले. गुजरातीत बा म्हणजे आई. पुढच्या रविवारी ते सगळ्या मंदिराला ठाऊक झालं. बायका तर हरखून गेल्या. कोण कुठं दिली आहे, कुणाला किती मुलं, कोण येऊ शकेल... महिनाभर मंदिरात दुसरा विषय नव्हता. आत्याला सगळे "कळसवाल्या बा" म्हणू लागले. तिला ते फार आवडलं होतं. बाहेरगावच्या कोण्या लेकीचा फोन आला की ती माझ्या हातातून घेऊन आपल्याच भाषेत ओरडायची, "ये बाय, लवकर ये, लेकरं घिऊन ये." पलीकडच्या बाईला एक अक्षर कळत नसे.

मग ठरवाठरवीची बैठक झाली. आत्यालाही मानानं बोलावलं होतं, पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. पुजाऱ्यांनी सांगितलं की कळस डोक्यावर घेणाऱ्या लेकी सौभाग्यवती असाव्यात, आणि शक्यतो जोडीनं याव्यात, म्हणजे पूजाही जोडीनं होईल. सगळ्यांना ते पटलं. मी आत्याला कानात सांगत होतो. तिनं मान हलवणं थांबवलं. मागच्या बाजूला हेतल मुलांच्या गाण्यांचे कागद लावत बसली होती. तिचं लग्न मोडून तिला दोन वर्षं झाली होती. ती आईवडिलांकडे राहत होती. आत्यानं मला विचारलं, "हेतल कुठं उबी ऱ्हानार, इचार." मी विचारलं. एक वयस्कर बाई, स्वभावानं फार मायाळू, आत्याकडे बघून हसून म्हणाल्या, "वो तो घर की ही है ना, बा. उसको क्या बुलाना."

मला ते भाषांतर करून सांगावं लागलं नाही. तेवढं हिंदी आत्याला येत होतं.

ती उठून उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. हात नेसत्या लुगड्याच्या काठाशी चाळा करत होते. मला म्हणाली, "भागवता, ह्येंला म्हन, ही रीत माजी हाय. म्या सांगितली. ती मला परत द्या." मी जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. दोन-तीन जण हसले, त्यांना वाटलं म्हातारी गंमत करते. आत्या हसली नाही. मग तेही थांबले. मी माझं म्हणून सांगितलं की ज्या मुलीनं आपल्या सगळ्यांची मुलं शिकवली, तिला वगळून कळस कसा चढवायचा? एक-दोन जणांनी माना हलवल्या. पुजारी म्हणाले, शास्त्र आहे, आपल्या हातात काय आहे. सगळे जयंतीभाईंकडे बघू लागले. ते टेबलावरच्या नकाशाची घडी घालत होते. बराच वेळ घालत होते. मग ते म्हणाले, "आगे चलो," आणि बैठक गाड्या कुठं लावायच्या या विषयावर गेली.

घरी जाताना हेतलच गाडी चालवत होती. आत्या पुढं, मी मागं. हेतल म्हणाली, "जाने दो बा, मुझे आदत है." आत्या रस्त्याकडे बघत मराठीतच बोलली. "आदत कशाची गं, बाई? म्याच आनलं हे हितं. तिकडं ठिवून आले असते तर काय बिगडलं असतं... इमानात बसवून आनलं माज्याबरूबर." हेतलनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी तिला हिंदीत सांगितलं. त्या दिवशी तिनं गाडी फार सावकाश चालवली.

त्यानंतर आत्या मंदिरात गेली नाही. लोक घरी भेटायला यायचे, ती चहा करायची, चांगलं बोलायची. कळसाचं निघालं की उठून आत जायची. अर्चनानं एकदा विचारलं, "आत्या, तुम्हाला फार लागलं का?" तर म्हणाली, "मला न्हाई गं. माजं कवाच वाळून गेलं. त्या पोरीचं वलं हाय." शिखराच्या उंचीच्या परवानगीवरून काम रखडलं आणि कळसाचा दिवस पुढं गेला. तोवर आत्याचे सहा महिने संपले. विमानतळावर हेतल आली होती. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. आत्या तिला म्हणाली, "माज्या गावाला ये. बोलवनं धाडीन." पण तसं बोलावणं धाडायचा तिला तरी कुठं हक्क होता...

गावी गेल्यावर त्याच हिवाळ्यात ती आजारी पडली. उठली, पण कान जवळजवळ गेले. उजव्यानं काहीच नाही, डाव्यानं थोडंफार. फोनवर तिला माझं बोलणं कळेना, चिडायची आणि फोन मायकडे द्यायची. म्हणून मी पत्र लिहायला लागलो. शेजारची शोभा ते तिला वाचून दाखवायची.

आता ते, आत्या गेली त्या सकाळी बायकांचं काय जमेना ते. आत्याचा नवरा अजून जिवंत आहे. त्याला निरोप गेला होता, तो आला नाही. नवरा जिवंत म्हणजे सवाष्ण, तिला हळदकुंकू लावून, हिरवं नेसवून न्यायचं, असं काही जणी म्हणाल्या. टाकलेलीला कसलं कुंकू, असं बाकीच्या म्हणाल्या. शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, तर माहेर कुठलं, ती तर माहेरातच मेली, यावरही बोलणं झालं. ऊन वर आलं तरी मिटेना. बाहेर पुरुषमाणसं खोळंबली. माझी माय कधी चारचौघांत आवाज न चढवणारी बाई. ती उठली, घरातून स्वतःचं ठेवणीतलं लुगडं घेऊन आली आणि म्हणाली, "तुमी भांडा. मी माज्या नणंदंला नेसवते." कुंकूही तिनंच लावलं. "लावलं ते नवऱ्याच्या नावाचं न्हाई," माय मला म्हणाली, "तिच्या कपाळाला बरं दिसायचं म्हनून लावलं."

रजा मिळून मी पोचलो तेव्हा दहावाही होऊन गेला होता. शोभा भेटायला आली. माझं शेवटचं पत्र तिनं आत्याला वाचून दाखवलं होतं, आत्या जाण्याच्या थोडे दिवस आधी. शेवटचा भाग आत्यानं पुन्हा वाचायला लावला, मग आणखी एकदा. त्यावर काही बोलली का, असं मी विचारलं. शोभा म्हणाली, "न्हाई दादा. भिताडाकडं तोंड करून निजल्या." त्या पत्राचं उत्तर मला आता मिळणार नाही. पत्र आत्याच्या उशाशीच होतं. ते जसं आहे तसं देतो.

ती. सोजर आत्यास भागवतचा शिरसाष्टांग नमस्कार.

शोभा, आत्याच्या डाव्या बाजूला बसून मोठ्यानं वाच. काही गाळू नको.

आत्या, गेल्या रविवारी कळस चढला. हवा चांगली होती. लांबलांबून लेकी आल्या होत्या, जावई आले, पुष्कळ मुलं आली. तू म्हणाली होतीस तसंच झालं. गोदामाच्या फाटकापासून लेकींनी कळस डोक्यावर आणला आणि वर क्रेननं चढवला. लोक तुझी आठवण काढत होते. तू विचारशील म्हणून आधीच सांगतो, हेतल नव्हती. तिनं त्या दिवशी दुकानात काम मागून घेतलं होतं. तिनं बसवलेली गाणी मुलांनी म्हटली. जयंतीभाई कळस वर जाईपर्यंत उभे होते, मग जिन्यावर बसून राहिले. कुणी उठवलं तरी उठले नाहीत. मी पुढच्या बैठकीतही तो विषय काढला होता, पण माझं कुणी ऐकलं नाही. तुला बरं वाटावं म्हणून वेगळं काही लिहीत नाही.

परत येताना गाडीत सईनं विचारलं, हेतलदीदी का नव्हती? ती आता नऊ वर्षांची आहे, मी तिला खरं ते सांगितलं. मग म्हणाली, "मी मोठी होऊन लांब गेले आणि मला परत यावं लागलं, तर मला कोण बोलवणार?" मी म्हणालो, मी बोलवीन. ती म्हणाली, "पण मी तर घरातच असेन. घरात असलेल्या माणसाला कसं बोलवतात?"

आत्या, तू मला लहानपणी मी अडलो की विचारायचीस, तसा मी अडलो आहे. तू इतकी वर्षं त्या घरात होतीस. कुणी तुला हाक मारायला हवी होती, ती कशी मारायला हवी होती? जवळ येऊन, की दारात उभं राहून? काय म्हणून? तेवढं शोभाला सांग आणि तिच्या हातानं लिहून पाठव. मी सईला तसंच बोलवीन.

गोळ्या वेळेवर घे. मायला नमस्कार.

तुझा
भागवत